तेल पाजलेले बूट

माझ्या पोरीचे बुटांचे दोन जोड माझ्या हातून गेले. पहिला तिचा पळायचा जोड होता. तो मी चुलीत घातला, पूर्ण शुद्धीत, दिवसाढवळ्या. दुसरा तिचा परेडचा, तांबड्या चामड्याचा. त्याची मला काळजी घ्यायची होती. पहिल्याबद्दल गावानं मला शाबासकी दिली आणि दुसऱ्याबद्दल गाव हसलं. गावाची अक्कल तेवढीच.

पहिल्याचं आधी सांगून टाकतो. लपवून उपयोग नाही, धरणगावपासून आमच्या गावापर्यंत सात किलोमीटरात ते सगळ्यांना माहीत आहे. हेमांगी बारावी झाली आणि पोलीस भरतीची तयारी करायला लागली. पहाटे पाचला उठून डांबरी रस्त्यानं पळायची. आमच्या पारावर आठ-दहा रिकामे गडी असतात. त्यांना कापूस वेचायला बोलावलं तर कंबर दुखते, पण दुसऱ्याची पोर पळताना बघायला पहाटे पाचला हजर. त्यातला एक मला म्हणाला, "लोटनभाऊ, तुमनी पोर कोना मांगे पयस?"

म्हणजे कोणाच्या मागे पळते. बाकीचे हसले. मला त्याच्या कानाखाली वाजवायची होती. ते धाडस झालं नाही. घरी आलो, बूट उचलले आणि चुलीत कोंबले. कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ होता. रबर वितळलं, घरभर काळा धूर झाला, आणि हेमांगी दारात उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिची जळगावला मैदानी चाचणी होती. कुणाचे तरी जुने बूट घालून गेली आणि दोन गुणांनी राहिली. "पोरीच्या भल्यासाठीच केलं लोटननं," असं गाव म्हणालं. मीही तेच म्हणालो. वर्षभर म्हणत राहिलो.

पुढच्या वर्षी ती मला न विचारता गेली आणि लागली. मग तेच आठ-दहा जण पेढे खायला घरी आले आणि मला "फौजदारना बाप" म्हणाले. मी त्यांना चहा पाजला. ज्या तोंडानं त्यांनी तिला पळताना नावं ठेवली, त्याच तोंडात मी माझ्या हातानं पेढा घातला. असा मी माणूस.

नऊ महिने ती धुळ्याला ट्रेनिंगला होती. फोन यायचा तो कोकिळेला, म्हणजे माझ्या बायकोला. मी खाटेवर बसून ऐकायचो. शेवटी हेमांगी विचारायची, "नाना जेवले का?" कोकिळा म्हणायची, "जेवले." माझ्या वाट्याला एवढंच होतं. त्यासाठी मी फोनच्या वेळेला शेतातून घरी यायला लागलो होतो.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी त्यांची शेवटची मोठी परेड होती, आई-बापांसमोर. हेमांगी तिच्या प्लाटूनची कमांडर झाली होती, म्हणजे सगळ्यांच्या पुढे एकटी चालणार. त्याआधीच्या शनिवारी ती एका दिवसाच्या सुट्टीवर घरी आली. सोबत परेडचा जोड आणला होता. पाय आपटून आपटून उजव्या बुटाची टाच हलायला लागली होती, ती धरणगावच्या वनाकडून ठोकून घ्यायची होती. वना आमच्याच गावचा चांभार. बस स्टँडसमोर छत्री लावून बसतो.

रविवारी सकाळी ती ओट्यावर वर्तमानपत्र पसरून बुटाला पॉलिश करायला बसली. कोकिळा चामडं देव्हाऱ्याच्या घरात येऊ देत नाही, पोलिसाचं असलं तरी. मी दाढी करायचं सोंग घेऊन आरशातून बघत होतो. दात घासायच्या जुन्या ब्रशनं तिनं शिवणीतली धूळ काढली. बोटाला फडकं गुंडाळलं, डबीला नुसतं टेकवलं आणि बुटाच्या टोकावर बारीक बारीक गोल फिरवत राहिली. मधेच पाण्याचा एक थेंब. मग पुन्हा गोल. अर्धा तास फक्त टोकच. उचलून धरलं तेव्हा त्यात आमच्या घराची चौकट दिसत होती.

"तीन महिने झाले, रोज एक थर देते," ती आईला म्हणाली.

"एवढं तर मी पितळी हंड्याले नही घासत," कोकिळा म्हणाली.

मला म्हणायचं होतं, मला दाखव कसं करतात. शब्द तोंडापर्यंत आले होते. मी गाल खरवडत बसलो.

मग तिनं आईला सांगितलं, "दोन पास आहेत. एक तुझा. दुसऱ्याचं बघते अजून."

मी तिथेच होतो. चार हातांवर. दुसऱ्याचं बघते अजून.

अकराला मायलेकी पाळधीला कोकिळेच्या बहिणीकडे निघाल्या. चारला परत येणार, मग बूट घेऊन वनाकडे आणि तिथूनच सहाच्या बसनं हेमांगी धुळ्याला. निघताना ती बुटांवर फडकं टाकून गेली.

मी घरी एकटा. फडकं काढून बूट हातात घेतला. टोक आरशासारखं, पण बोटं वाकतात तिथे चामडं कडक झालं होतं, बारीक रेषा पडल्या होत्या. मी शेतकरी माणूस. चामड्याशी माझा संबंध बैलाच्या पट्ट्यापुरता आणि वहाणेपुरता. आमच्याकडे नवी वहाण आली की तिला आठ दिवस तेल पाजतात. वनाचा बाप उखर्डूबाबा वहाण हातात देताना दरवेळी बजावायचा, तेल पाजल्याशिवाय पायात घालू नको, चावेल. पोळ्याला बैलाच्या घुंगराच्या पट्ट्याला तेल, गाडीच्या जुंपणीला तेल. चामडं कडक झालं म्हणजे ते तहानलेलं आहे, एवढंच मला ठाऊक. आणि माझी पोर याच कडक बुटात चार-चार तास उन्हात पाय आपटते. तिला कोणी सांगितलं नसेल. शहरातल्यांना काय कळतं चामड्यातलं?

मी सरकीचं तेल वाटीत घेतलं, कोमट केलं. कोठीतून आमच्याच शेतातला मूठभर कापूस आणला आणि बुटांना तेल चोळायला बसलो. टोकाला, बाजूला, जिभेला, आतून. चामडं पीत गेलं, मी पाजत गेलो. रंग गडद झाला तेव्हा मला वाटलं, खुलला. खोटं कशाला सांगू, मी गुणगुणत होतो. मग तेल मुरावं म्हणून दोन्ही बूट गोठ्याच्या पत्र्यावर ठेवले. एप्रिलचं आमच्याकडचं ऊन म्हणजे पत्र्यावर पापड भाजतील. तासाभरानं तिच्या डबीतलं पॉलिश लावून टाकू, ती आली की तयार जोड समोर ठेवू. काय बोलायचं तेसुद्धा मी ठरवलं होतं. काहीच बोलायचं नाही, नुसता जोड समोर ठेवायचा.

तासाभरानं बूट खाली काढले. टोकातली चौकट गेली होती. मेण वितळून शिवणीत साचलं होतं आणि तांबड्या चामड्यावर जागोजागी काळे डाग पडले होते, पिकलेल्या केळ्यावर पडतात तसे. मी पॉलिश घेतलं, बोटभर. ते लागेचना. तेलावरून घसरायचं. मी जोर लावला. तिचे तीन महिन्यांचे थर सालासारखे निघून माझ्या फडक्यावर आले. मी अजून जोरात घासलं. बिघडत चाललेल्या कामावर अजून जोर लावायचा, ही आमच्या घराण्याची जुनी सवय.

मग हात थांबले. परवाची गोष्ट असावी तसा चुलीतला धूर आठवला. ती काय समजेल, हे मला त्या ओट्यावर बसल्या बसल्या कळलं. चाचणीच्या आदल्या दिवशी बूट जाळणारा बाप. परेडच्या चार दिवस आधी बूट नासवणारा बाप. तिनं दुसरं काय समजावं?

बूट गोणीत घातले आणि मोटारसायकल धरणगावला हाणली.

वना छत्रीखाली एका चपलेचा अंगठा शिवत होता. माझ्या हातातली गोणी बघून म्हणाला, "काय आनं लोटनभाऊ? भरीतना वांगा?"

मी बूट त्याच्यासमोर ठेवले. त्यानं एक उचलला, नाकाला लावला.

"सरकीनं तेल?"

"हां."

"मीठ-मसाला नही टाका?" तो हसायला लागला. शेजारचा पंक्चरवालाही हसला. मग वनानं बूट उलटा करून टाचेवरचा पाच नंबर बघितला आणि त्याचं हसू गेलं. "हाऊ हेमाना बूट शे का?"

मी मान हलवली.

"पह्यला जोड जाळा, हाऊ तळा. आते तिसरा उकडशीन का?"

"वना, मुद्दाम नही करं रे."

"कोनी सांगं व्हतं तुले तेल लावाले?"

"तुनाच बाप सांगे. तेल पाजाबिगर पायमा घालू नको."

"मना बाप वहाणनं सांगे." वनाला राग आला. "घरनं कमायेल चामडं, ते तेल पिये. मना बापनी जिंदगीमा असा बूट हातमा नही धरा. हाई कारखानानं चामडं शे भाऊ, वरतून रंग मारेल. याले तेल म्हंजे जहर." त्यानं अंगठ्यानं डाग दाबून बघितला. "हाऊ डाग निंघाव नही."

"काही तरी कर."

"टाच मी ठोकस. पॉलिश तू कर. तूच बिघाडं, तूच घास."

"माले येत नही."

"मंग शिक. बठ." आणि त्यानं माझ्याकडे एक गोणपाट फेकलं.

मी बावन्न वर्षांचा आहे. त्या जागेवर मी कमीत कमी शंभर वेळा उभा राहिलो असेन. वनाच्या लाकडी पेटीवर पाय ठेवायचा, वर बघत पावसापाण्याचं बोलायचं आणि काम झालं की पाय काढायचा. तो खाली, मी वर. त्याच्या बापासमोर माझा बाप असाच उभा राहायचा. पाटलानं चांभाराच्या शेजारी, गोणपाटावर, भर बाजाराच्या दिवशी बसायचं! मला त्याची लाज वाटली, हे मी लिहून ठेवतो. पोरीचे बूट नासले होते, वेळ हातात नव्हता आणि मी इकडे तिकडे बघत होतो, कोणी ओळखीचं आहे का. मग बसलो. खालून लोकांचे गुडघे दिसतात फक्त, आणि पाय.

एक काळीपिवळीवाला ओरडलाच, "काय पाटील, धंदा बदला का?"

"हाऊ नवा शागीर्द शे," वना म्हणाला. "हात बराच जड शे, पन ऐकस."

त्यानं आधी खडू कुटून त्याची पूड बुटांवर थापायला लावली, तेल ओढून घेते म्हणे. पाऊण तास ती तशीच ठेवली. तोवर त्यानं मला एका गिऱ्हाइकाच्या जुन्या बुटावर बसवलं. मी डबीत बोट घातलं तशी त्यानं मनगटावर चापट मारली.

"जेवाले बठना का? थोडंसं ले. चामडाले पॉलिश दाखाडानं, खावाडानं नही."

फडकं दोन बोटांवर ताणून धरायचं, सुरकुती राहू द्यायची नाही. आधी धूळ, मग ओलं फडकं, मग कोरडं, त्यानंतर पॉलिश. लावलं की लगेच ब्रश मारायचा नाही, वाळू द्यायचं. ब्रश लांब लांब मारायचा, मनगटातून, खांद्यातून नाही. मी भाकर थापल्यासारखा मारत होतो. वना बघायचा आणि जिभेनं च्यक करायचा. एवढ्या वर्षांत मी त्याच्या कामाकडे कधी बघितलंच नव्हतं. त्यात काही बघण्यासारखं असेल असं वाटलं नव्हतं.

टाचेत खिळे ठोकता ठोकता तो म्हणाला, "त्या साले तू बूट जाळात ना, त्या दिन सांजले ती आठे उनी व्हती. सकायले चाचणी, पायमा काही नही. कोनीतरी शिवाले टाकेल, लेवाले उनाच नही, असा एक जोड व्हता. तो मी तिले दिधा. आठ नंबर. तिना पाय पाच नंबर."

मी ब्रश खाली ठेवला. दोन वर्षं मी तिला विचारलं नव्हतं की ते बूट कोणाचे होते. वनानं दिलेल्या आठ नंबरी बुटात पळून ती दोन गुणांनी राहिली होती.

"माले सांगं नही कधी."

"तू इचारं का?" वना म्हणाला आणि पुढचा खिळा तोंडातून काढला.

खडूची पूड झटकली तेव्हा बूट थोडे कोरडे झाले होते, पण डाग तिथेच. मी उजवा घेतला. पॉलिश आता जरासं धरत होतं. मी गोल फिरवत राहिलो, वना सांगेल तेव्हा पाण्याचा थेंब टाकत राहिलो. टोकाला मंद चमक आली, काळपट, तळलेल्या मिरचीसारखी. तेवढ्यात समोर पाच नंबरचे पाय येऊन थांबले. वर बघायच्या आधीच मला कळलं.

हेमांगी पाठीवर बॅग घेऊन उभी होती. मागे कोकिळा, धापा टाकत. पाळधीहून घरी येऊन त्यांनी ओट्यावरची तेलाची वाटी आणि काळी फडकी बघितली होती.

हेमांगी माझ्या हातातल्या बुटाकडे बघत होती. म्हणाली, "परत, नाना?"

एवढंच. मी भराभर सांगायला लागलो, की चामडं कडक झालं होतं, रेषा पडल्या होत्या, वहाणेला लावतो तसं थोडं तेल लावलं, तुला चावू नये म्हणून. मलाच ते खोटं वाटत होतं. खरं बोलायची सवय नसली की खरंही खोट्यासारखं बाहेर पडतं.

वना मधे पडला. "मुद्दाम नही करं बेटा त्यानी. तुनं भलं व्हवो म्हनीसनच..."

"काका, भल्याचं नका सांगू." ती शांतपणे म्हणाली. "मागच्या वेळीपण भलंच होतं."

तिनं बूट माझ्या हातातून घेतला, उन्हात धरून फिरवला, अंगठ्यानं डाग दाबला. माल नापास करतात तसं. मग दुसरा बघितला. "मंगळवारी टर्नआउट बघतात, वर्दी, बूट, सगळं. असल्या बुटात मला पुढे उभं करणार नाहीत. तिथे पोरी आहेत भरपूर."

"रोजना जोड शे ना तुना?" कोकिळा रडकुंडीला आली होती.

"तो फुटलाय आई."

वनानं टाचेचं काही घेतलं नाही. सहाची बस लागली होती. हेमांगीनं जोड पिशवीत टाकला, आईच्या हातात एक पास दिला, एकच, आणि बसमध्ये चढली. मी गोणपाटावरून उठलोच नव्हतो. माझे पाय आखडले होते, असं मी कोकिळेला नंतर सांगितलं.

सोमवारी मी पुन्हा वनाकडे गेलो. मंगळवारीही. का, ते विचारू नका. शेतात काम होतं, तरी गेलो आणि दोन-दोन तास गोणपाटावर बसून लोकांचे बूट घासले. पारावरचे हसले. एकानं घरी येऊन कोकिळेला विचारलं, भाऊंच्या डोक्यावर परिणाम झाला का. मंगळवारी एका मास्तरच्या काळ्या बुटावर मला पहिल्यांदा नीट चमक आणता आली. वनानं बघितलं आणि फक्त "हां" म्हणाला. मला कापसाला चांगला भाव मिळाल्यावर झाला नसता एवढा आनंद झाला. पण त्या आनंदाचा हेमांगीला काय उपयोग?

बुधवारी सकाळी तिचा फोन आला. कोकिळेनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघत फोन ठेवला. "नानांलेपण आन म्हने. गेटवर दुसरा पास ठेवस. वनाभाऊना फोन गयथा तिले. त्यानी सांगं म्हने, लोटन येडा शे, पन या खेपले लबाड नही."

मी गोठ्यात गेलो आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. वनाच्या शब्दावर तिचा विश्वास होता. माझ्यावर तिनं तो वनाकडून उसना घेऊन ठेवला होता. मला तेही चाललं.

गुरुवारी आम्ही धुळ्याला मांडवात खुर्च्यांवर बसलो. बँड सुरू झाला, पोरी आल्या, आणि सगळ्यांच्या पुढे, एकटी, हेमांगी. तिचा आवाज मैदानभर गेला. पायात बूट तांबडे, लखलखीत, डाग नाही, काही नाही. उन्हात डोळ्यांवर चमक मारत होते. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. मागच्यानं बसा म्हटलं तरी वाजवल्या. मनात आलं, निघाले डाग, पोरीनं काढले, माझी चूक धुऊन निघाली. माणूस किती लवकर स्वतःला माफ करतो!

परेड संपल्यावर ती आमच्याकडे आली. आईच्या पाया पडली, माझ्या पडली. मी म्हणालो, "बूट चांगले चमकत होते."

"रोशनीचे आहेत," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. रोशनी तिची खोलीतली मैत्रीण, शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला तिचं गाव. दोघींच्या बुटाचा नंबर सारखाच. मंगळवारी तपासणीच्या आधी रोशनीनं आपला परेडचा जोड काढून हेमांगीला दिला, तू पुढे आहेस म्हणून. स्वतः रोजचा फाटका जोड घातला. रोशनी पहिल्या रांगेत होती. तपासणीत तिला शेवटच्या रांगेत टाकलं.

"तिचे आई-वडील आलेत आज," हेमांगी म्हणाली. "पहिल्यांदा धुळ्याला आलेत. त्यांना काही माहीत नाही. मी सांगणारच आहे. पण नाना, तुम्ही सांगा." ती माझ्या डोळ्यांत बघत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा. "तुम्ही सांगा, तुमच्याकडून झालं म्हणून. बस."

"हो," मी म्हणालो. "सांगतो. चल."

मांडवाच्या कोपऱ्यात ते उभे होते. रोशनीचे वडील दिवल्या, बारीक, काटक, अंगात नवा सदरा, घड्या अजून तशाच. आई दिवालीबाई डोक्यावरून पदर घेऊन पोरीचा हात धरून होती. दिवल्यानं मला बघून हात जोडले, माझ्या बोलायच्या आधीच.

"तुमची पोर म्हणजे एकदम पुढं भाऊ! काय आवाज, काय चाल! आणि बूट तर असे, काचेसारखे. आम्ही आमची पोर शोधत बसलो. ही म्हणते ती, मी म्हणतो ती. दिसलीच नाही शेवटपर्यंत." तो हसला. "मागं होती ना. चालायचंच. मोठ्या घरच्या पोरी पुढं राहतात, आमच्या मागं. तेवढं तर तेवढं, वर्दी तर आली अंगावर."

तो हे कुरकुरत म्हणाला नाही. पाऊस पश्चिमेकडून येतो, तसं म्हणाला.

हेमांगी माझ्याकडे बघत होती. रोशनीही बघत होती. वाक्य तयार होतं, सहा-सात शब्दांचं. भाऊ, तुमची पोर माझ्यामुळे मागे गेली. मांडवात बाजूला दोन फौजदार उभे होते, आमच्या तालुक्यातला एक ओळखीचा माणूस होता, त्याचे कान इकडे होते. मी खाकरलो.

"नाही, नाही," मी म्हणालो. "तसं काही नसतं. इथे सगळे सारखेच."

दिवल्या मान हलवत राहिला. मोठी माणसं असं म्हणतात, हे त्याला माहीत होतं.

मग हेमांगी बोलली. "काका, माझ्या पायातले बूट रोशनीचे आहेत. माझे खराब झाले होते, म्हणून तिनं मला दिले आणि ती मागे गेली. नाहीतर ती पहिल्या रांगेत होती. तुम्हाला दिसली असती."

खराब झाले होते. कोणी केले, ते तिनं सांगितलं नाही. मला वाचवायला नव्हे. तो भाग माझा होता, तो तिनं मला ठेवला होता, आणि मी त्याला हात लावला नाही.

"असं का?" दिवल्यानं पोरीकडे बघितलं. "मग बरं केलं हिनं." आणि त्यानं रोशनीच्या पाठीवर थाप मारली. दिवालीबाई मात्र हसली नाही. तिनं एकदा हेमांगीच्या पायांकडे बघितलं, एकदा आपल्या पोरीच्या.

परतताना पारोळा गेल्यावर कोकिळा म्हणाली, "तोंड शिवेल व्हतं का तुमनं?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तेल लावलं ते अडाणीपणानं, आणि ते माफ झालं होतं. वनानं माफ केलं, पोरीनं केलं. त्या मांडवात मी जे केलं त्यात अडाणीपणा नव्हता.

हेमांगीची नेमणूक जळगावला झाली. फोन येतो, आईला. आई, पाऊस आला का, कापूस कसा आहे, मावशी बरी आहे का. शेवटी ती फोन ठेवते. नाना जेवले का, हे आता त्यात नसतं. मी खाटेवर बसून ऐकतो, सवयीनं.

मी ठरवलं आहे की शिरपूरला जायचं, तिथून वर, आणि दिवल्याभाऊला त्याच्या अंगणात बसून सांगायचं. चार महिने झाले ठरवून. गाडीला पेट्रोल आहे, रस्ता आहे, पाऊस उघडला आहे. फक्त त्यांच्या गावाचं नाव मला माहीत नाही. ते हेमांगीला विचारावं लागेल. कोकिळा दोनदा फोन माझ्यापुढे धरून बसली. मी अजून विचारलेलं नाही.